घड्याळाचा पहिला टोला

घड्याळात चार वाजायचे होते, वाजले तीन.

रंगमंचावरच्या नटीने मात्र संहितेत होतं तेच केलं. हातातला घडी घातलेला कपडा खाली ठेवला, मान वर केली आणि म्हणाली, "चार वाजले. अजून कसे आले नाहीत हे?" खाली पहिल्या रांगेत बसलेल्या सुताराने ओठांत धरलेले खिळे न काढताच बोटं मोजून पाहिली, तिसऱ्या बोटावर थांबला आणि खांदे उडवले. विंगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"थांबा!" दिग्दर्शक बाई ओरडल्या. "मास्तर, टोले पुन्हा द्या बरं."

वर, प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीतल्या काचेच्या खोलीत, साउंडमास्तरांनी डाव्या हाताने कळ दाबली. ठण्, ठण्, ठण्, ठण्. चोख चार.

"मग मघाशी काय झालं होतं?"

मघाशी काय झालं होतं ते मास्तरांना माहीत असतं तर आणखी काय हवं होतं! त्यांनी काचेतून नुसता हात वर केला. शेजारी स्टुलावर त्यांची बायको बसली होती. सगळं नाट्यगृह तिला वहिनी म्हणायचं, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं वहिनींचं काम. पण हा आठवडाभर दुपारची सुट्टी काढून त्या इथे येऊन बसत होत्या, आणि येताना दोघांचा डबा आणत होत्या.

त्यांनी येण्याला कारण होतं. गेल्या वर्षी मास्तरांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजवा हात आपल्या मर्जीने का होईना पण हलायला लागला. मधली काही वर्षं मात्र कुणी कपाटातून गठ्ठाच्या गठ्ठा उचलून न्यावा तशी गेली. लग्न आठवत होतं. लेकीची पहिली सायकल आठवत होती. शेजाऱ्याने न विचारता नेलेली आणि परत न आणलेली शिडीसुद्धा अगदी रंगासकट आठवत होती. आठवत नव्हतं ते काम. आणि वाचायला बसलं की दोन ओळींनंतर अक्षरं पोहायला लागायची. म्हणून मग वाटणी ठरली: डोळे वहिनींचे, कान मास्तरांचे.

ज्या कंप्युटरवरून नाटकातले सगळे आवाज सुटायचे, तो कधीकाळी मास्तरांनीच उभा केला होता. त्याच्यावर दुकानातून विकत आणलेली ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. कुणाच्याच मालकीची नसलेली, फुकट मिळणारी, आतून उघडून हवी तशी जुळवून घेता येणारी एक सिस्टिम असते, ती होती. मास्तर दवाखान्यात असताना त्यांच्या जागी आलेल्या तात्पुरत्या माणसाने "शी, किती जुनं हे!" म्हणून तिची नवीकोरी आवृत्ती टाकली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. तेव्हापासून आवाज गिळले जायला लागले. कधी घड्याळाचा पहिला टोला, कधी फोनची पहिली घंटी. आणि चीड आणणारी गोष्ट ही, की तपासायला बसावं तर सगळं ठणठणीत. तालीम सुरू झाली की पुन्हा तेच.

जिना चढून व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. मास्तर दवाखान्यात होते तेव्हा रोज येऊन पायाशी बसायचे, आणि बोलायला काही सुचलं नाही की पंख्याचा वेग कमीजास्त करायचे. आताही त्यांनी आधी खोलीतला पंखा उगाच वाढवला.

"मास्तर, राग मानू नका. परवा पहिला प्रयोग आहे. असंच चाललं तर लोक नाटक बघायचं सोडून टोले मोजत बसतील."

"सापडेल," मास्तर म्हणाले.

"सापडायला हवंच. पण मी एकाला विचारून ठेवलंय. स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो तो. आज बाई शेवटी हा प्रवेश पुन्हा घेणार आहेत. तेव्हा नीट वाजलं तर ठीक, नाहीतर मी त्याला फोन करतो."

"आणि मी?"

"तुम्ही काय, बसा की इथेच. मार्गदर्शन करा." मग वातावरण हलकं करावं म्हणून ते म्हणाले, "अगदीच वेळ आली तर सुताराला विंगेत एक लोखंडी पट्टी देतो. तो वाजवेल चार!"

हसले ते एकटेच. वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. मार्गदर्शन म्हणजे काय, हे तिघांनाही कळलं होतं. ही खुर्ची गेली की मास्तर घरी जाणार, पलंगाच्या कडेला बसणार आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहणार. त्या भिंतीने वहिनींचे किती महिने खाल्ले होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. इथे येऊन बसायला लागल्यापासून माणूस पोटभर जेवत होता. ही खुर्ची गेली तर पुन्हा मिळणार नव्हती.

तशी एकदा ती जवळजवळ गेलीच होती. कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी मास्तरांनी यंत्रांच्या कपाटाचं मागचं झाकण उघडलं. आत पन्नास वायरी, आणि प्रत्येकीला सुबक चिठ्ठी डकवलेली. "हे कुणी लावलंय एवढं नीट?" त्यांनी कौतुकाने विचारलं. वहिनी भोळेपणाने बोलून गेल्या, "तुम्हीच की!" मास्तर बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. मग झाकण लावून म्हणाले, "हा माणूस गेला गं." त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी नाट्यगृहाचं नाव काढलं नाही. तेव्हापासून वहिनींनी एक पथ्य पाळलं होतं: काही झालं तरी 'तुम्हीच' हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही.

व्यवस्थापक गेल्यावर मास्तर म्हणाले, "मंचावर बघ जरा. कुणीतरी हे भोगलं असेलच."

मंच म्हणजे या फुकट सिस्टिमवाल्यांचा इंटरनेटवरचा कट्टा. कुणी टोपणनावाने अडचण मांडायची, आणि बाकीच्यांनी टोपणनावानेच त्याच्यावर तुटून पडायचं. वहिनींनी शोधलं तर पहिल्याच फटक्यात सापडला की प्रश्न! कुणीतरी फार पूर्वी अगदी सरळ विचारलं होतं: 'शांततेनंतर वाजवलेल्या आवाजाची सुरुवात गिळली जाते. काय करावं?' त्याच्याखाली उत्तरांचा हा एवढा ढीग.

वहिनी चष्मा सावरून वाचायला लागल्या.

"पहिला म्हणतो, आधी कुठली आवृत्ती वापरता ते सांगा. दुसरा म्हणतो, ती आवृत्ती माणसाने वापरूच नये, माझी घ्या. तिसरा म्हणतो, दुसऱ्याचं ऐकाल तर जन्मभर रडाल."

"पुढे."

"दुसरा तिसऱ्याला म्हणतो, तू मागच्या वेळीही असाच मध्ये तडमडला होतास. चौथा म्हणतो, या प्रश्नाचं उत्तर पूर्वीच दिलंय, शोधा. कुठे दिलंय ते सांगत नाही."

"तो कधीच सांगत नाही."

"पाचवा तर आवाजावर बोलतच नाही. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं असावीत की पांढऱ्यावर काळी, त्याच्यावरच सुटलाय. आणि त्याला तिघांनी उत्तरं दिलीत!" वहिनींनी चष्मा काढला. "अहो, ही माणसं मदत करतायत की वाटणीला बसलीत?"

मास्तर गालातल्या गालात हसले. ते हसू वहिनींनी फार दिवसांनी पाहिलं आणि त्या वाचायचं विसरल्या.

"भांडू दे गं. फुकटात भांडतात बिचारे. कुठल्या अनोळखी माणसाची घंटी वाजत नाही म्हणून यांनी रात्रीची झोप घालवायची, कुणी सांगितलंय? तिथे नियम एकच. ज्याला उत्तर सापडलं त्याने ते खाली लिहून जायचं. मागून येणाऱ्याला अंधारात सोडायचं नाही."

"हे आठवतंय तुम्हाला?"

मास्तर थबकले. आपण काय बोललो ते त्यांनी मनात पुन्हा म्हणून बघितलं असावं. "आठवतंय की," ते हळूच म्हणाले. "वाच, वाच."

वहिनींनी चष्मा पुन्हा लावला. "सहावा म्हणतो, मागे एक ऐकू न येणारा आवाज कायम चालू ठेवा."

"म्हणजे घर झोपलं तरी नळ चालू. पुढे."

"सातवा म्हणतो, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच थोडी शांतता जोडा."

"मग टोला पडणार उशिरा आणि त्या नटीची मान आधीच वर. कळ दाबली की वाजलं पाहिजे. पुढे."

"आता एक आहे खरखर नावाचा."

"खरखर?"

"नावच घेतलंय तसं. हा म्हणतो, 'वरच्या सर्व विद्वानांनी थोडा वेळ गप्प बसावं.'"

"उद्धट दिसतोय."

"'तुम्ही एकामागून एक आवाज वाजवून तपासता, म्हणून तुम्हाला दोष सापडत नाही. दोष आवाजात नाही, आवाजाआधीच्या शांततेत आहे. हात मांडीवर ठेवा. आधी ऐका.'"

शेवटच्या शब्दांपाशी वहिनींनी वाचणं थांबवून ती ओळ पुन्हा बघितली.

हात मांडीवर ठेव, आधी ऐक. हे वाक्य त्यांच्या घरात भांड्यांइतकं जुनं होतं. नळ गळायला लागला आणि वहिनी पाना घेऊन धावल्या की मागून यायचं: हात मांडीवर. लेक सायकलच्या साखळीशी झटापट करायला लागली की: हात मांडीवर ठेव, आधी ऐक, कुठे घासतंय ते ती स्वतः सांगेल. या एका वाक्यावरून वहिनींनी कितीदा भांडण केलं होतं! आजारपणानंतर ते घरातून नाहीसं झालं. व्यायाम शिकवायला येणारी पोरगी तर रोज उलटंच सांगायची, काका, हात उचला, हात उचला. आणि आता ते वाक्य इथे, कुणा परक्याच्या नावाखाली, जसंच्या तसं बसलं होतं.

"थांबलीस का?"

"खोकला आला," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या ओळी मनातल्या मनात वाचायला लागल्या.

'मी स्वतः कितीतरी दिवस चुकत होतो. नाटकासाठी दारावरची टकटक, दाराजवळच्या कपाटात स्पीकर ठेवून, घरी वाजवून बघत होतो. पलीकडच्या खोलीत बायको इस्त्री करत होती. टकटक ऐकली की बिचारी दार उघडायला उठायची. मग माझ्या लक्षात आलं, की मधे बराच वेळ गेला तर पहिल्या टकटकीला ती उठत नाही. पाठोपाठ दुसरी वाजवली की उठते. म्हणजे पहिली वाजतच नव्हती. शांतता झाली की आवाज काढणारं साउंड कार्ड झोपतं, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही, तिच्या उठबशीने शिकवलं. हे तिला अजून सांगितलेलं नाही, कारण ती सध्या भयंकर चिडलेली आहे.'

चिडल्या होत्या खऱ्या. दार उघडायचं, बाहेर कुणी नाही. परत इस्त्रीला हात घालायचा, पुन्हा टकटक. आणि हे गृहस्थ आतल्या खोलीत कंप्युटरपुढे बसून मधल्या खिडकीतून आपल्याकडेच बघताहेत! शेवटच्या वेळी इस्त्री तशीच टेकवून त्या उठल्या आणि कॉलर जळली. तेव्हा त्यांनी जे काही सुनावलं होतं ते शेजारच्या शिडीवाल्यालासुद्धा ऐकू गेलं असणार. आणि त्यानंतर या माणसाने, तोंडाने एक अक्षर न बोलता, जाऊन जगासमोर हे लिहून ठेवलं होतं. इतकी वर्षं हे इथे पडून होतं, आणि आपण मात्र त्या कॉलरीचा राग धरून बसलो.

"काय म्हणतो पुढे?"

सांगावं? 'तुम्हीच' म्हणावं? डोळ्यापुढे ते कपाटाचं झाकण आलं.

"काही नाही, घरचं काहीतरी पाल्हाळ लावलंय. उपाय खाली आहे. म्हणतो, शांतता झाली की साउंड कार्ड वीज वाचवायला झोपतं, आणि उठायला क्षणभर घेतं. नेमका तेवढा आवाज गिळला जातो. त्याला झोपू नको म्हणून सांगायचं. कुठल्या फाइलमध्ये काय लिहायचं ते दिलंय."

"म्हणून!" मास्तरांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर मारली. "टोल्यांच्या आधी ती किती वेळ न बोलता घड्या घालत असते! आणि आपण तपासताना लागोपाठ वाजवतो. झोपायला वेळच देत नाही त्याला. उद्धट आहे, पण कान आहेत या माणसाला. लिही, तो सांगतो तसं लिही."

वहिनींनी एकेक अक्षर बघून ती ओळ लिहिली. भिंग घासताना जशी त्यांची मान एका बाजूला कलायची तशीच आताही कलली होती. कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मग दोघं मुद्दाम गप्प बसून राहिले. खाली सुतार खिळे ठोकत होता, नटी कुणाशी तरी लेकराच्या तापाविषयी बोलत होती. बराच वेळ गेल्यावर मास्तरांनी कळ दाबली.

ठण्, ठण्, ठण्.

तीन.

"हात्तिच्या!" मास्तर उसळले. "मोठा शहाणा! सगळ्यांना गप्प बसवतो आणि स्वतःचंच उत्तर चालत नाही!"

"असं कसं? त्याचं बरोबरच असणार," वहिनी तितक्याच जोरात म्हणाल्या.

मास्तरांनी वळून बघितलं. "तू का त्याची बाजू घेतेस?"

"मला पटलं त्याचं."

"ओळख ना पाळख, आणि पटलं म्हणे." पण मास्तरांचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान किंचित तिरकी केली होती. वहिनींना ती मान ओळखीची होती. "पुन्हा थोडं थांबू. बोलू नकोस."

पुन्हा शांतता. पुन्हा कळ. पुन्हा तीन.

"टिक् झालं नाही," मास्तर म्हणाले.

"काय झालं नाही?"

"आठवडाभर ऐकतोय. टोल्याच्या आधी स्पीकरमध्ये बारीक टिक् व्हायचं. कार्ड झोपेतून उठतंय त्याचा आवाज. आत्ता झाला नाही. म्हणजे कार्ड जागं होतं. खरखरने सांगितलं ते लागू पडलंय." त्यांनी डोळे उघडले. "झोपलंय दुसरंच कुणीतरी. उत्तर कधीचं आहे हे?"

वहिनींनी तारीख बघितली. "फार जुनं आहे. लेक शाळेत होती तेव्हाचं."

"मग त्याची काय चूक! त्याच्या वेळी प्रोग्राम कार्डाशी थेट बोलायचे. या नव्या आवृत्तीत मधे एक कारभारी बसवलाय, कुठला आवाज कुठे जायचा ते ठरवणारा. कार्ड जागं आहे, पण शांतता झाली की हा कारभारीच दुकान बंद करतो. खरखरला हे माहीत असणं शक्यच नाही. हा कारभारी तेव्हा जन्मालाच आला नव्हता."

ते हे कुठून बोलत होते, वहिनींना कळेना. आठवून बोलत होते, की आत्ता इथे बसून जुळवत होते? आणि विचारायची तर सोय नव्हती.

"त्याच्या सेटिंगच्या फाइली दाखव. नावं वाच नुसती."

वहिनी वाचत गेल्या. मास्तर 'हे नाही' म्हणत गेले. एकदा चुकून भलतंच उघडलं, ते बंद करायला वेळ गेला. एकदा मास्तर स्वतःवरच वैतागले, "येतंय तोंडावर आणि जातंय!" म्हणाले. वहिनींनी त्यांना पाणी दिलं. मग पुन्हा हे नाही, हेही नाही, आणि अचानक, "थांब. हे उघड." आत एक ओळ होती: किती वेळ शांतता झाली की झोपी जायचं. पुढे आकडा.

"शून्य कर. म्हणजे कधीच नाही."

वहिनींनी शून्य केलं आणि कंप्युटर पुन्हा सुरू केला. तेवढ्यात खालून दिग्दर्शक बाईंनी टाळी वाजवली. "चला, घड्याळाचा प्रवेश! मास्तर, तयार?" तपासून बघायला वेळच उरला नाही. व्यवस्थापक मधल्या रांगेत येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या हातात फोन होता.

प्रवेश सुरू झाला. नटी येऊन बसली. एक कपडा घेतला, घडी घातली. दुसरा घेतला. वहिनींना एरवी हा प्रवेश फार आवडायचा, आज ती बाई कपडे संपवणार आहे की नाही असं त्यांना झालं. मास्तरांचा डावा हात कळेवर होता. नटीने शेवटचा कपडा मांडीवर घेतला. मास्तरांनी कळ दाबली.

ठण्.

पहिल्याच टोल्याला नटीची मान अशी काही वर झाली, की ती आता अभिनय करत नव्हती, दचकलीच होती. ठण्, ठण्, ठण्. "चार वाजले," ती म्हणाली, आणि यावेळी कुणी हसलं नाही. सुताराने मागे वळून काचेकडे बघितलं आणि चार बोटं वर केली.

व्यवस्थापकांनी फोन खिशात टाकला. प्रवेश संपल्यावर ते काचेखाली येऊन ओरडले, "मास्तर, परवा जरा लवकर या हं. मधल्या माइकचंही काहीतरी बिनसलंय."

"बघतो," मास्तर म्हणाले. एवढंच. पण त्यांनी स्वतःहून डबा पुढे ओढला आणि उघडता उघडता थांबले. "अगं, खाली लिहायचं राहिलं."

"कुठे?"

"मंचावर. खरखरचं उत्तर वाचून कुणीतरी बिचारा अडकेल. कारभाऱ्याचं त्याला सांगायला नको? नाव नोंदव माझं. इमेल टाक."

वहिनींनी इमेल टाकला, आणि टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. पडद्यावर ओळ उमटली: 'हा पत्ता आमच्याकडे आहे. आत येण्यासाठी दुवा पाठवला आहे.'

"म्हणजे माझं खातं होतं वाटतं," मास्तर म्हणाले. "उघड."

"उद्या लिहू ना. जेवण गार होतंय."

"गारच आहे ते सकाळपासून. उघड."

वहिनींचा हात उचलेना. मग मास्तरांनीच माउस ओढून घेतला आणि मेलमधला दुवा दाबला. पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'या, खरखर. बऱ्याच दिवसांनी आलात.'

पंखा गरगरत होता. खाली सुताराने सामान गोळा करायला घेतलं होतं.

"हा खरखर..." मास्तर म्हणाले.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"हात मांडीवर म्हणाला तेव्हा."

मास्तरांनी पान वर सरकवलं. पडद्यावर बोट ठेवून ते स्वतः वाचायला लागले. दोन ओळी झाल्या की थांबायचे, डोळे मिटायचे, अक्षरं जागेवर आली की पुढे जायचे. बोट कुठे पोचलंय ते वहिनींना दिसत होतं. विद्वानांनी गप्प बसावं. आवाजाआधीची शांतता. मग टकटक. मग इस्त्री. तिथे बोट बराच वेळ हललं नाही.

"हे तू वाचलं नाहीस."

"नजरचूक झाली."

"दिवसभर भिंगं घासणाऱ्या बाईची नजरचूक?"

वहिनींच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "भीती वाटली मला. त्या चिठ्ठ्यांच्या दिवशी केलंत तसं कराल म्हणून. परत त्या भिंतीकडे बघत बसाल म्हणून. मला नाही सोसायचं आता ते."

मास्तरांचं बोट पुन्हा इस्त्रीच्या ओळीवर आलं.

"फार चिडली होतीस?" त्यांनी विचारलं.

"कॉलर जळली होती. तुमच्याच सदऱ्याची."

मास्तर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग डोळे पुसता पुसता त्यांना ठसका लागला. "हुशार होता गं," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "आगाऊ होता, पण हुशार होता." मग थोड्या वेळाने, "पण कारभाऱ्याचं त्याला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मला आहे."

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. डावा हात बाजूला ठेवला आणि उजवा उचलला. तो टेबलापर्यंत आला, कीबोर्डाच्या कडेला टेकला, आणि त्याचं एक बोट अक्षरांवरून हवं ते शोधत फिरायला लागलं. वहिनींना बघवेना. कुठलं अक्षर हवं ते त्यांना कळलं होतं, अगदी समोर होतं ते. त्यांनी दाखवायला हात पुढे केला.

"हात मांडीवर ठेव," मास्तर म्हणाले.

वहिनींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. पहिलं अक्षर पडलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. त्या ऐकत बसल्या, आणि मग दुसरं पडलं.